वेळेवर सुटलेली गाडी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (यातला गुडघ्यांचा भाग सध्या तोंडीच समज. खाली वाकलो की उठवायला स्टेशनातल्या पॉइंट्समनला बोलवावं लागतं, आणि तो हल्ली माझ्याशी बोलत नाही. का, ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? कमरेचा पट्टा रोज लावतेस, की डॉक्टरांकडे जायच्या दिवशी तेवढा कपाटातून काढतेस? गोळ्या जेवणानंतरच घे. जेवणाऐवजी घेऊ नकोस. आम्ही सगळे इकडे ठीक. तुझी भावजय ठणठणीत आहे, म्हणजे माझ्याशी अबोला धरून वर दिवसभर भांडी आपटण्याइतकी ताकद तिच्यात आहे. हे सगळं फोनवर सांगायचं मनात होतं. पण फोनवर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत तू "बरं बरं, ठेवते, तुझं बिल येईल" म्हणतेस आणि मी उरलेलं बोलणं भिंतीशी करतो. भिंतीला आता सगळं पाठ झालं आहे. म्हणून पत्र.

वाईट बातमी आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. आपली गाडी बंद होते आहे. येत्या महिनाअखेरीस शेवटची फेरी. सकाळी जंक्शनहून माझ्या स्टेशनवरून तुझ्या गावी आणि संध्याकाळी तुझ्या गावाहून माझ्याकडे, अशी जी एकुलती एक पॅसेंजर इतकी वर्षं रखडत, कण्हत, पण येत राहिली, ती आता येणार नाही. भावजी गेल्यापासून तू त्या दोन खोल्यांत एकटी असतेस आणि मनात आलं की पिशवी घेऊन याच गाडीने माझ्याकडे येतेस. जीपमध्ये तू बसू शकत नाहीस. मागच्या वेळी बसलीस तेव्हा तुझी कंबर आणि जीपवाल्याचे कान, दोन्ही बरे व्हायला फार दिवस लागले. बस तुझ्या गावात येत नाही. तेव्हा गाडी गेली म्हणजे रेल्वेचं काय नुकसान व्हायचं ते होवो, माझी बहीण माझ्याकडे यायची बंद होते. बाकी सगळं पुराण आहे, पण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

या गाडीची रीत तुला माहीत आहेच. (तरी लिहितो, ज्या माणसाचं स्टेशन जातंय त्याला एवढी बडबड माफ असावी.) सकाळी गाडी आउटर सिग्नलपाशी आली की ड्रायव्हर लांबलचक शिट्टी देतो. ती शिट्टी ऐकून गाव चहाचं आधण ठेवतं. मग चहा होतो, पिशव्या भरल्या जातात, कुलूप लागतं, लागलं का ते बघायला कोणीतरी परत जातं, आणि मग मंडळी स्टेशनच्या रस्त्याला लागतात. गाडी तोवर फलाटावर उभी. रस्त्यावर माणूस दिसत असेल तर झेंडा दाखवायचा नाही, ही आमची पद्धत. रस्त्यावर माणूस दिसतोच. तो चढेपर्यंत त्याच्या मागचा दिसायला लागतो. हेडमास्तर प्रार्थना आटोपून यायचे, दूधवाल्या बाई कॅन धुऊन यायच्या, शिंपी तर गाडीत बसल्यावर आठवण झाली म्हणून मापाची टेप आणायला घरी जाऊन यायचा. वेळापत्रकात जी वेळ छापली आहे ती वेळ मी स्वतः फलाटावर कधी पाहिली नव्हती. बाहेरच्या फळ्यावर "गाडी वेळेवर आहे" असं माझ्या आधीच्या स्टेशनमास्तरांनी पक्क्या रंगात लिहून ठेवलं आहे, रोज खडूने लिहायचा त्रास नको म्हणून. लोकांना ती अक्षरं भिंतीतल्या विटांसारखीच दिसायला लागली होती.

उशिराने कोणाचं काही बिघडत नव्हतं असं मला वाटायचं. बिघडत होतं, पण ते सावकाश. मालाचंच बघ. मी इथे आलो तेव्हा मालधक्क्यावर पाय ठेवायला जागा नसायची. धान्याची पोती, कापसाच्या गाठी, खत, लाकूड, एकदा तर एका सर्कशीचा अख्खा तंबू. मालगाडीच्या वाघिणी भरून जायच्या आणि भरून यायच्या. मग एका साली पेरणीचं खत कापणीला पोचलं. व्यापारी भले, तक्रार केली नाही, नुसते ट्रककडे वळले. एक वळला, मग दुसरा, मग सगळेच. आता मालधक्क्यावर शाळेची मुलं बॅडमिंटन खेळतात आणि मोठ्या वजनकाट्यावर गावातल्या बायका आपलं वजन करून जातात. (पोत्यांचा काटा तो, तुझ्या भावजयीचं वजन त्याने दर वेळी सारखंच दाखवलं, म्हणून तिचा त्या काट्यावर फार विश्वास.) ज्यांनी मालगाडी सोडली तीच माणसं संध्याकाळी फलाटाच्या बाकावर बसून मालगाडी कशी बंद पडली याची हळहळ करतात. मीही त्यांच्या शेजारी बसून करतो. हळहळ करायला इथे जागा भरपूर आहे.

तर झालं असं, की वरून पत्र आलं. ही पॅसेंजर ठेवायची की नाही ते ठरवायला एक साहेब येणार, माझ्या स्टेशनवरून सकाळची गाडी सुटताना आत किती माणसं आहेत ते मोजणार, आणि गाडी कशी चालते तेही पाहणार. निम्मे डबे भरलेले दिसले तर गाडी राहील. ही बातमी गावात पोचली आणि ज्या गावाला गटारावरच्या फरशीसाठी एक व्हायला जमलं नाही ते गाव एका संध्याकाळात एक झालं. हेडमास्तर अध्यक्ष, आणखी दोघे रुसले म्हणून तेही अध्यक्ष. ठरलं असं, की मोजणीच्या दिवशी घरटी सगळ्यांनी गाडीत बसायचं, तिकीट काढून बसायचं, पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि तिथून परत यायला ट्रॅक्टर सांगून ठेवायचे. (गाडी वाचवायला निघालेल्या माणसांनी परतीचा विचार ट्रॅक्टरचा केला, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.) तुझी भावजय बायकांच्या डब्याची प्रमुख होती. तिने खिडकीच्या जागा आदल्या दिवशीच वाटून टाकल्या होत्या आणि त्यावरून दोन जावांचं बिनसलंही होतं. मला इतका आनंद झाला की मी त्या दोघींची समजूत घालायलाही गेलो नाही.

आणि इथेच माझी अक्कल चरायला गेली. ताई, मला वाटलं, माणसांची बाजू गावाने घेतली आहे. मग गाडीची बाजू आपण घ्यावी. साहेब गाडी कशी चालते तेही पाहणार होते ना? आणि आपली गाडी चालते कशी, तर वरातीसारखी. मला लाज वाटली. मी जंक्शनच्या मास्तरांना फोन केला, ड्रायव्हरच्या हातापाया पडलो, गार्डला चहा पाजला, वाटेतल्या प्रत्येक फाटकवाल्याला निरोप धाडला: एक दिवस, फक्त एक दिवस, गाडी छापील वेळेला आली पाहिजे आणि छापील वेळेला सुटली पाहिजे. ड्रायव्हर म्हणाला, मास्तर, तिला सवय नाही, काहीतरी मोडेल. पण भला माणूस, ऐकलंन. सगळ्यांनी ऐकलं. इतक्या वर्षांत माझं एवढं कोणी ऐकलं नव्हतं.

गावाला मात्र सांगायचं राहिलं. राहिलं असंही नाही. सांगायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. गाडी वेळेवर येणार हे काय कोणी कोणाला सांगतं? ते तर फळ्यावर लिहिलेलंच आहे.

त्या सकाळी गाडी आली. ताई, काय आली म्हणून सांगू! वळणावरून डौलात, धूळ झटकल्यासारखी, घड्याळाचा काटा आणि इंजिनाचं तोंड एकदम जागेवर. माझा ऊर भरून आला. साहेब उतरले, स्वच्छ, सडपातळ, अतिशय सभ्य गृहस्थ, हातात घड्याळ. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, वा. मी म्हणालो, आमची रोजचीच पद्धत. मग आम्ही दोघांनी डब्यांकडे पाहिलं. डब्यांत बाकं होती. एका बाकावर एक म्हातारा चादर ओढून झोपला होता. तो दुसऱ्याच गाडीत बसायचं सोडून ह्या गाडीत बसला होता हे मागाहून कळलं. जंक्शनलाही तीच तऱ्हा झाली होती. तिथल्या लोकांनाही आपली गाडी सावकाश निघते याची खात्री होती. आणि आपलं गाव? गावाने नुकतीच शिट्टी ऐकली होती. गाव चहाचं आधण ठेवत होतं.

मी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता मोकळा. पॉइंट्समन माझ्याकडे पाहत होता, ड्रायव्हर खिडकीतून मान काढून पाहत होता, आणि साहेब घड्याळाकडे पाहत होते. मग छापील थांबा संपत आला तेव्हा लांब, पिठाच्या गिरणीपाशी, पहिली माणसं दिसली. पुढे छत्री घेतलेले हेडमास्तर, मागे नव्या कपड्यांत अख्खं गाव, मुलं खांद्यावर, बायकांचा वेगळा जथा आणि त्याच्या पुढे हात हलवत तुझी भावजय. कोणी पळत नव्हतं. कशाला पळतील? गाडी उभी दिसत होती, आणि उभी गाडी आपल्यासाठी थांबते हे त्यांना जन्मापासून माहीत. मी हेडमास्तरांना हात केला, लवकर या म्हणून. त्यांनीही मला आनंदाने हात केला. साहेब म्हणाले, मास्तर, वेळ झाली.

आता तू म्हणशील, थांबवायची होतीस गाडी. सगळं गाव तेच म्हणतंय. माणसं रस्त्यावर दिसत असताना झेंडा दाखवायचा नाही ही पद्धत मी उभ्या आयुष्यात एकदाही मोडली नव्हती. पण शेजारी साहेब उभे. "रोजचीच पद्धत" असं मी नुकतंच फुशारकीने बोललेलो. थांबवली तर उशीर, सोडली तर रिकामी. मला सुचेना. आणि ज्याला काही सुचत नाही तो माणूस नियमाने वागतो, तसा मी वागलो. हिरवा झेंडा दाखवला. ड्रायव्हरने माझ्याकडे असं पाहिलं की ते मी विसरणार नाही, पण त्यानेही गाडी सोडली. गाव फाटकापाशी पोचलं तेव्हा शेवटचा डबा त्यांच्या नाकासमोरून गेला. मग एका मुलाने भोकाड पसरलं, आणि त्यानंतर जे काय बोललं गेलं ते मोठ्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही. साहेबांची जीप मागून आलीच होती, ते तिच्यात बसून गेले. मी त्यांना पुन्हा मोजा म्हणून विनवलं, गर्दी दाखवली. ते हळहळले. म्हणाले, मास्तर, मला गाडीतली माणसं मोजायची आहेत, फाटकावरची नव्हे. चूक नव्हतं त्यांचं.

पुढचं थोडक्यात. पॉइंट्समन बोलत नाही. शिंप्याने माझी पँट जशी दिली तशी परत केली. तुझी भावजय त्या दिवशी घरी आली, नवी साडी घडी करून ठेवली आणि तेव्हापासून भांड्यांतूनच माझ्याशी संवाद साधते. गावाने निषेधाचं निवेदन तयार केलं आणि ते जिल्ह्याच्या कचेरीत द्यायला सगळे जीप करून गेले. गाडीने गेले असते तर कचेरी बंद झाल्यावर पोचले असते, असं हेडमास्तरांनी मलाच समजावून सांगितलं. मग परवा वरून लखोटा आला. त्यात दोन कागद. एक, गाडी बंद करण्याचा हुकूम. दुसरा, आदर्श वक्तशीरपणाबद्दल माझ्या नावाचं प्रशस्तिपत्र, सोनेरी कडेचं. दोन्हींवर सही एकाच साहेबांची, आणि शाईसुद्धा एकच. मी ते प्रशस्तिपत्र कपाटावर उताणं ठेवलं होतं. तुझ्या भावजयीने त्यावर तेलाची बरणी ठेवली आहे.

रूळ मात्र राहणार आहेत, ऐकलंस का. टेकडीपलीकडच्या खडीच्या कारखान्याने ही लाइन मागितली आहे. दिवसातून दोन-तीनदा खडीच्या मालगाड्या जातील, तुझ्या गावाहून इथून पुढे जंक्शनला, न थांबता. सिग्नल आपोआप चालतील, म्हणजे माझीही गरज नाही; तसाही मी या वर्षी निवृत्तच व्हायचा होतो. आता लाइन नवी करणार, पूल मजबूत करणार, वेग वाढवणार. जे आम्ही माणसांसाठी मागून मागून थकलो ते सगळं दगडांना न मागता मिळालं. दगडांची एक सोय आहे: ते चहा पीत बसत नाहीत. ताई, तू खडी असतीस तर रोज माझ्या दारावरून गेली असतीस. पण उतरता आलं नसतं.

मला फार वाईट वाटतंय ताई. थट्टा करतोय, पण वाईट वाटतंय. गाडी तशीही गेली असती; त्या दिवशी भरलेली दिसली असती तरी दुसऱ्या दिवशी रिकामीच धावली असती, हे मला कळतं. आम्ही सगळे तिच्यावर माया करत होतो आणि जात होतो जीपने. पण माझ्या हातून आणि माझ्याच झेंड्याने जावी, हे काही मनातून जात नाही. सकाळी सवयीने रस्त्याकडे पाहतो. कोणीतरी येतंच असतं.

असो. पुष्कळ लिहिलं, तू चष्मा लावूनच वाचत असशील अशी आशा. शेजारच्या काकूंना नमस्कार सांग. मात्र हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नकोस, त्यांच्या जावयाची जीप आहे.

तुझा धाकटा,
(अजून थोडे दिवस) स्टेशनमास्तर

ता. क. : कमरेला लावायचं मलम संपलं असेल तर कळव. इथल्या औषधवाल्याकडे मिळतं. तो माझ्याशी बोलत नाही, पण बोट दाखवलं की देतो.

ता. क. दुसरा : वर अबोल्याचं लिहिलं ते संपूर्ण खरं नाही. काल तुझी भावजय बोलली. क्वार्टर सोडायचं म्हणून आम्ही बाजारामागे घर पाहायला गेलो होतो; तळमजला, दोन खोल्या आणि मागे अंगणाकडे उघडणारी तिसरी. घरमालक म्हणाला, दोघांनाच राहायचंय तर तिसरी खोली कशाला अडवता? मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आमच्या ताई येणार आहेत." मला विचारलं नाही की सवरलं नाही. घरी येऊन तुझ्यासाठी कॉटची जागा मोजली आणि पुन्हा भांडी आपटायला लागली.

ता. क. तिसरा : हे सगळं पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता लिहितो, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही. शेवटच्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने तू ये. कपाट, शिलाईचं मशीन, भावजींची खुर्ची, सगळं गार्डच्या डब्यात टाक. गार्डला सांगून ठेवलं आहे. तू नको म्हणणार हे मला माहीत आहे. भावाकडे पाहुणी म्हणून गेलेलं बरं, हे तू इतक्या वेळा म्हणाली आहेस की मी कधी आग्रहच केला नाही. आता करतो. मला त्या घरात तू हवी आहेस. तुझ्या गावच्या मास्तरांशीही बोललो आहे. तू रस्त्यावर दिसत असशील तर ते झेंडा दाखवणार नाहीत, आणि दिसत नसशील तर माणूस पाठवून विचारतील. सामान बांधायला वेळ लागला तर लागू दे, कुलूप लागलं का ते बघायला दोनदा परत जा. गाडी उभी राहील. इकडे मी फलाटावर असेन, कितीही उशीर झाला तरी. तिकीट मात्र एकेरीच काढ.